वेदी, विहीर आणि सातबारा

उत्तरेला वैतरणा, दक्षिणेला वसईची खाडी, पश्चिमेला अरबी समुद्र आणि पूर्वेला तुंगारेश्वराचे डोंगर अशा चौकटीत वसई-विरारचा बहुतेक भाग बसतो. रेल्वेमार्गाच्या पश्चिमेचा पट्टा सखल आणि वाळूमिश्रित. तिन्ही बाजूंना खारे पाणी असूनही इथल्या विहिरींना गोडे पाणी लागत आले, कारण जमिनीत मुरलेले पावसाचे पाणी खाऱ्या पाण्याहून हलके असते आणि त्याच्यावर तरंगत राहते. भूजलशास्त्राचा एक ठोकताळा आहे: समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक मीटर असेल, तर खाली सुमारे ४० मीटरपर्यंत गोडे पाणी टिकते. वरची पातळी मीटरभर उतरली, की खालचे खारे पाणी त्याच पटीत वर सरकू लागते. वसईतील कॅथलिक समाजाच्या पर्यावरण चळवळीचा उगम शोधताना बायबलच्याही आधी हा हिशेब मांडावा लागतो.

हे पाणी मुरवण्याची गावची सोय म्हणजे बावखल. आळीच्या किंवा वाडीच्या कडेला खणलेले, विहिरीहून पसरट असे गोड्या पाण्याचे हे तळे. पावसाळ्यात ते भरते, भोवतालच्या विहिरींना पाझर पुरवते आणि उन्हाळ्यात त्यावर वाडीचे शिंपणे होते. पूर्वी अशा पाण्यावर रहाट चालत. केळी, पानवेल, फुले आणि भाजीपाला या ओलाव्यावर पिकला आणि लोकलगाडीने मुंबईच्या बाजारात गेला. आगाशीची सुकेळी हे त्यातलेच एक ख्यातनाम उत्पादन.

पोर्तुगीज अमलात, म्हणजे १५३४ ते १७३९ या काळात, इथे ख्रिस्ती धर्म रुजला. चिमाजी अप्पांच्या विजयानंतर सत्ता गेली, धर्म राहिला आणि बोलीही राहिली. सामवेदी बोली आजही हिंदू आणि ख्रिस्ती अशा दोन्ही घरांत ऐकू येते. भाताचे नवे पीक आले की ख्रिस्ती लोक आगेरा साजरा करतात. पहिली कणसे चर्चमध्ये नेऊन त्यांच्यावर आशीर्वाद घ्यायचा आणि मगच नवा तांदूळ रांधायचा. निसर्गाची काळजी घेणे हे ख्रिस्ती कर्तव्य आहे, असे रोमहून लेखी येण्याच्या कितीतरी आधी वेदीवर भाताची लोंबी पोहोचली होती. तिच्यात कृतज्ञता होती. संघर्ष मात्र नव्हता. कृतज्ञतेपासून संघर्षापर्यंतचा प्रवास वेगळ्या वाटेने झाला आणि त्या वाटेवरचा पहिला टप्पा पैशाचा होता.

१८९१ मध्ये पोप लिओ तेरावे यांनी ‘रेरुम नोव्हारुम’ हे परिपत्रक काढले. कामगाराला न्याय्य मजुरी मिळावी, त्याला संघटना करता यावी, असे त्यात ठामपणे मांडले होते. कॅथलिक सामाजिक शिकवणीचा आधुनिक प्रवाह तिथून सुरू झाला, असे मानतात. युरोपातील गिरण्यांसाठी लिहिलेला हा विचार वसईत गिरणी नसताना कसा उतरावा? तो उतरला पतपेढीच्या रूपाने. मोन्सिनियर पी. जे. मोनीस या धर्मगुरूंच्या पुढाकाराने १९१८ मध्ये सुरू झालेली कॅथलिक पतसंस्था पुढे बॅसीन कॅथलिक को-ऑपरेटिव्ह बँक झाली. सावकाराच्या व्याजात अडकलेल्या शेतकऱ्याला स्वतःच्या माणसांकडून कर्ज मिळू लागले. शाळा आणि दवाखान्यांचे काम धर्मभगिनींनी सांभाळले. सांडोरचे कार्डिनल ग्रेशस रुग्णालय त्याच परंपरेतले. यांतल्या कशालाच कोणी चळवळ म्हटले नाही. तरी चार माणसांनी एकत्र येऊन हिशेब ठेवायचा, सभा घ्यायची, ठराव करायचा, ही सवय गावोगावी लागली. पुढच्या लढ्याला ती उपयोगी पडली.

दुसरा बदल भाषेचा होता. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) लॅटिन मिस्सा मागे पडली आणि वेदीवरून मराठी ऐकू येऊ लागली. भाविकांना न कळणाऱ्या भाषेतल्या उपासनेत विहिरीचे दुखणे कसे येणार होते? उपासनाच मराठीत आल्यावर विहिरीचे खारटपण प्रार्थनेत येणे शक्य झाले. १९७१ मध्ये रोममधील बिशपांच्या सिनडने आणखी एक पाऊल टाकले आणि न्यायासाठी कृती करणे हा सुवार्ताप्रचाराचा अंगभूत भाग असल्याचे जाहीर केले. १९७२ मध्ये धर्मगुरुपदाची दीक्षा घेतलेले नंदाखालचे फ्रान्सिस दिब्रिटो या वातावरणात घडले.

पश्चिम रेल्वेने मुंबईला जोडलेल्या वसईत १९८०च्या दशकात घरबांधणीची लाट आली. मुंबईत घर न परवडणारा कारकून, कामगार आणि फेरीवाला नालासोपारा-विरारकडे सरकत होता. १९८८ मध्ये राज्य शासनाने हरित पट्ट्यातली हजारो हेक्टर जमीन नागरी विकासासाठी खुली केली. १९९० मध्ये सिडको ही नियोजन यंत्रणा म्हणून नेमली गेली. रस्ते, गटारे आणि नळ येण्याच्या आधीच इमारती उभ्या राहिल्या. त्यांची तहान भागवायला टँकर आले आणि टँकर भरायला पश्चिमेच्या गावांतल्या विहिरी होत्या. दिवसरात्र उपसा सुरू झाल्यावर सुरुवातीला सांगितलेला हिशेब आपले काम करू लागला. पाणी मचूळ झाले, पानवेली करपल्या. जमीन विकण्यासाठी धमकावणी आणि गुंडगिरी यांचीही त्या वर्षांत वसईत मोठी दहशत होती.

याच काळात हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. तिचे नेतृत्व फादर दिब्रिटो यांच्याकडे आले. १९८३ पासून ते ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक होते आणि २००७ पर्यंत त्यांनी ते काम केले. धार्मिक मासिकात पाणी, बांधकाम, राजकारणाचे गुन्हेगारीकरण यांवर लेख येऊ लागले आणि त्याचा वाचक ख्रिस्ती समाजाबाहेरही तयार झाला. मोर्चे निघाले, निवेदने गेली, टँकर अडवले गेले. वसईत पर्यावरण हा शब्द सामान्य माणसाच्या तोंडी या काळात रुळला.

चळवळीला चर्चने नेमके काय दिले? लोक सहज म्हणतात, श्रद्धेचे बळ. ते खरे असले तरी अपुरे आहे. चर्चने दिली ती बांधणी. धर्मग्राम, म्हणजे एका चर्चभोवतीचा समाज, हे वसईतले एक चोख संघटन आहे: प्रत्येक घराची नोंद, आळीनिहाय गट, युवक आणि महिलांच्या संघटना, दर रविवारी ठरल्या वेळी हजारोंची हजेरी. राजकीय पक्षाला असे जाळे विणायला वर्षे लागतात. मोर्चाची हाक एका सकाळी अनेक गावांत एकाच वेळी पोहोचू शकत होती. शिवाय संसार नसलेल्या माणसाला धमकावणे थोडे अवघड जाते, हा फायदा बारीक असला तरी दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

याच बांधणीने मर्यादाही घातली. फादर पुढे म्हणजे चळवळ ख्रिस्त्यांची, असा शिक्का मारणे विरोधकांना सोपे झाले. वास्तविक विहीर सर्वांचीच खारट होत होती आणि समितीबरोबर हिंदू शेतकरी, शिक्षक, समाजवादी कार्यकर्तेही होते. दुसरीकडे धर्मगुरूने वेदी सोडून रस्त्यावर यावे का, हा प्रश्न समाजाच्या आतूनही विचारला गेला. त्याचे उत्तर १९७१च्या सिनडने दिले असले, तरी रोमचा कागद आणि गावातली कुजबुज यांच्यात अंतर असतेच.

इथे तारखांचा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. पूर्णपणे पर्यावरणाला वाहिलेला पहिला पोपसंदेश जॉन पॉल दुसरे यांनी १ जानेवारी १९९०च्या जागतिक शांतिदिनासाठी दिला. वसईतले लोक त्याच्या आधीच रस्त्यावर आलेले होते. पोप फ्रान्सिस यांचे ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक तर २०१५चे. धरतीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश एकत्र ऐकावा, ही त्याची मध्यवर्ती भूमिका. सिद्धान्त वरून आला आणि खाली अंमल झाला, असे चित्र वसईपुरते तरी उलटे आहे. इथे विहीर आधी आणि परिपत्रक नंतर.

‘लाउदातो सी’च्या कसोटीवर हरित वसईची चळवळ तपासली, तर दोन अवघड गाठी दिसतात. पहिली सातबाराची. कूळकायद्याने १९५७ नंतर महाराष्ट्रातील अनेक कसणारे मालक झाले. सामाजिक न्यायाचा हा मोठा विजय होता, पण त्याच उताऱ्याने पुढच्या पिढीला जमीन विकण्याचा अधिकारही दिला. वाटण्या होऊन वाडी गुंठ्यांवर आली, मुले बँकेत, शाळेत, परदेशात नोकरीला लागली आणि केळीच्या बागेपेक्षा जागेचा भाव कैक पटींनी वाढला. वाडी वाचवण्याची शपथ घेणारा आणि बिल्डरशी करार करणारा अनेकदा एकाच चर्चच्या एकाच बाकावर बसलेला असतो. कधी तो एकच माणूस असतो. बाहेरच्या बिल्डरविरुद्ध मोर्चा काढता येतो, घरातल्या वाटणीविरुद्ध काढता येत नाही. प्रवचनांतून या मुद्द्यावर जितके स्पष्ट बोलायला हवे तितके बोलले जात नाही आणि चळवळीचा सर्वांत कच्चा दुवा तोच आहे.

दुसरी गाठ रेल्वेच्या पूर्वेला आहे. २०११च्या जनगणनेत वसई-विरार महापालिकेची लोकसंख्या १२ लाख २२ हजारांच्या घरात होती. यांतले असंख्य लोक अनधिकृत चाळींत राहतात आणि टँकरचेच पाणी विकत घेतात. हिरवा पट्टा राखा, या मागणीचा अर्थ त्यांच्या कानांवर ‘तुम्ही येऊ नका’ असा पडू शकतो. त्याही पलीकडे, महामार्गापल्याडच्या पाड्यांवर वारली आणि इतर आदिवासी आहेत. विवेक पंडित यांच्या श्रमजीवी संघटनेने वेठबिगारीतून मजुरांना सोडवले ते याच परिसरात. ते काम चर्चचे नव्हते. कॅथलिक चळवळीने पश्चिमेच्या विहिरींसाठी दिलेला आवाज पूर्वेच्या पाड्यांसाठी तितक्याच जोराने उठला नाही, हे मान्य करावे लागते. ‘लाउदातो सी’ने दोन आक्रोश जोडून सांगितले, वसईत ते मधल्या रुळांनी बराच काळ वेगळे ठेवले.

पुढच्या टप्प्यात हरित वसई आणि श्रमजीवी हे दोन्ही प्रवाह काही काळ एकत्र आले. ३ जुलै २००९ रोजी चार नगरपरिषदा आणि ५३ गावे मिळून वसई-विरार महापालिका स्थापन झाली. गावांचे गावपण जाईल आणि हरित पट्ट्यावर बांधकामाचा दाब वाढेल, या भीतीने पश्चिमेतली गावे पेटून उठली. जनआंदोलन समितीच्या वतीने विवेक पंडित त्याच वर्षी विधानसभेत निवडून आले. कॅथलिक गावे त्यांच्या मागे मोठ्या संख्येने उभी होती. २०११ मध्ये शासनाने २९ गावे वगळण्याचा निर्णय घेतला, पण प्रकरण न्यायालयात अडकले आणि गावे व्यवहारात महापालिकेतच राहिली. २०१६ मध्ये मुंबई महानगर प्रदेशाच्या प्रादेशिक आराखड्याचा मसुदा आला, तेव्हा गावोगावी हरकती लिहून घेण्याचे काम झाले. घोषणांच्या पिढीनंतर हरकतींची पिढी आली होती: नकाशा वाचणारी, चटईक्षेत्राचा अर्थ लावणारी, मुदत पाळणारी.

जुलै २०१८ मध्ये पावसाने या वादाला वेगळाच पुरावा दिला. वसई-नालासोपारा पट्टा कित्येक दिवस पाण्याखाली राहिला, लोकल बंद पडल्या, मिठागरांत माणसे अडकली. नैसर्गिक नाले बुजवणे, खाजणात भराव टाकणे आणि पाणी साठवणाऱ्या जागा नाहीशा होणे यांची चर्चा त्यानंतर अभियंतेही करू लागले. पूरनियंत्रणासाठी पाणी धरून ठेवणारी तळी बांधावीत, असे तज्ज्ञांकडून सुचवले गेले. बुजवलेल्या बावखलांच्या शहराला तळी बांधण्याचा सल्ला मिळावा, यातला विरोधाभास वसईकरांच्या नजरेतून सुटला नाही.

दरम्यान चर्चची चौकटही बदलली. वसई धर्मप्रांत १९९८ मध्ये मुंबई महाधर्मप्रांतातून वेगळा झाला. १ सप्टेंबरचा सृष्टीसाठी प्रार्थनादिन आणि ४ ऑक्टोबरपर्यंतचा सृष्टीचा हंगाम हे जागतिक कॅथलिक पंचांगात आता रुळले आहेत. हंगामाचा शेवट आणि आगेऱ्याचे दिवस जवळजवळ येतात. अशा दिवसांत वृक्षारोपण आणि प्लास्टिकबंदी यांचे कार्यक्रम पार पाडायला सोपे, छायाचित्राला चांगले. बावखल राखणे अवघड, कारण अनेक बावखले खासगी वाडीत आहेत.

जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला झालेल्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद फादर दिब्रिटो यांच्याकडे गेले, तेव्हा धर्मगुरूला हा मान का, अशी हरकत काही संघटनांनी घेतली. ‘सुबोध बायबल’साठी त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार आधीच मिळाला होता. २५ जुलै २०२४ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी डहाणूजवळच्या वाढवण बंदराला केंद्राची मंजुरी मिळाली आणि ३० ऑगस्टला पालघरमध्ये त्याची पायाभरणी झाली. त्या बंदराला किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा विरोध आहे. पाचूबंदर, नायगाव, अर्नाळा इथल्या कोळ्यांमध्ये कॅथलिक कुटुंबेही मोठ्या संख्येने आहेत. म्हणजे जो प्रश्न १९८८ मध्ये वाडीच्या पाण्याचा होता, तो आता समुद्राच्या पाण्याचा झाला आहे. फरक एवढाच, की विहिरीला सातबारा असतो. समुद्राला तो नाही, त्यामुळे तिथे विकणारा आणि राखणारा एकाच बाकावर बसत नाहीत.