महिनाअखेरीस दात जास्त वाकडे दिसतात

जुहूत, गुलमोहर रोडच्या आतल्या एका गल्लीत गाळा भाड्याने घेण्याआधी मी पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला. समजा भाडं, दोन मुलींचे पगार, खुर्चीचा आणि स्कॅनरचा हप्ता, वीज असं सगळं मिळून महिन्याला 2 लाख. धातूच्या ब्रेसेसची एक केस 50 हजारांची. त्यातले 10 हजार ब्रॅकेट, तारा आणि लॅबमध्ये गेले की उरले 40. म्हणजे महिन्याला 5 नव्या केसेस. कामाचे दिवस 25. दर पाचव्या दिवशी एक वाकडं तोंड सापडलंच पाहिजे, तेव्हा कुठे माझ्या स्वतःच्या हातात शून्य रुपये पडतील. खरे आकडे थोडे वेगळे आहेत, ते मी इथे सांगणार नाही, पण उत्तर फारसं बदलत नाही.

त्याआधी सहा वर्षं मी दुसऱ्यांच्या दवाखान्यांत जायचे. मुंबईतले बहुतेक तरुण ऑर्थोडॉन्टिस्ट असंच करतात. सोमवारी वसई, मंगळवारी बोरिवली, बुधवारी मालाड. पाठीवरच्या सॅकमध्ये पक्कडी आणि तारा, फीमधला ठरलेला वाटा दवाखान्याच्या मालकाचा, उरलेला आपला. तेव्हा ‘ह्याला गरज नाही’ असं मी सहज म्हणायचे. मालकाचं तोंड वाकडं व्हायचं, माझं काही जायचं नाही. भाडं त्याचं होतं. त्या दिवसांत मला वाटायचं की मी फार प्रामाणिक आहे.

स्वतःची पाटी लागल्यावर जे कळलं ते कुठल्याही पुस्तकात नव्हतं. पैशाच्या गरजेनं माणूस खोटं बोलायला लागतो, असं आपण समजतो. तसं होत नाही. आधी नजर बदलते. महिन्याच्या तीन तारखेला जो दात ‘किंचित फिरलेला’ दिसतो, तोच सत्तावीस तारखेला ‘बराच फिरलेला’ दिसतो, आणि मी शपथेवर सांगू शकते की दोन्ही वेळा मी जे दिसलं तेच बोलले.

यात आमच्या शास्त्राची थोडी मदत होते. पहिल्या तपासणीत पेशंट विचारतो, ‘हे सुधारेल का?’ उत्तर जवळजवळ नेहमी ‘हो’ असतं. शंभरातल्या किती जणांचे दात तंतोतंत सरळ असतात? एडवर्ड अँगल या अमेरिकन दंतवैद्यानं 1899 मध्ये दातांच्या ठेवणीचं वर्गीकरण मांडलं. आम्ही आजही ते शिकतो. आदर्श ठेवण कोणती हे त्यानं ठरवलं, आणि तिच्यापर्यंत नेणारी अवजारंही त्यानंच बनवली, त्यांची पेटंटं घेतली, ती विकली. तो लबाड होता असं मला म्हणायचं नाही. पण व्याख्या करणारा आणि विकणारा एकच, ही गोष्ट आमच्या धंद्यात पहिल्यापासून आहे.

‘सुधारेल का’ आणि ‘सुधारायला हवं का’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्यासाठी ब्रिटनमध्ये 1989 साली एक मोजपट्टी तयार झाली. तिच्यात पाच श्रेणी आहेत: पहिलीत गरज नाही, पाचवीत अगदी निकड. शिवाय दिसण्यासाठी दहा फोटोंची वेगळी पट्टी. तिथे अठराच्या आतल्या मुलांना चौथ्या-पाचव्या श्रेणीत, किंवा तिसरीत असून दिसणं बरंच बिघडलं असेल तर, सरकारी खर्चानं उपचार मिळतात. मोजपट्टीतही माणसाचेच हात असतात, मान्य. पण तिथे पैसे देणारं एक तिसरं कुणी असतं, आणि त्याला ‘नाही’ म्हणण्यात रस असतो. आपल्याकडे बहुतेक घरं ब्रेसेसचे पैसे खिशातून भरतात. खुर्चीत पेशंट, स्टुलावर मी. ‘नाही’ म्हणायला तिसरं कुणीच नाही. डेंटल कौन्सिलच्या 2014 च्या आचारसंहितेत पेशंट ओढण्यासाठी जाहिरात करायला आणि केस पाठवल्याबद्दल कमिशन द्यायला-घ्यायला मनाई आहे. मनातल्या मनात श्रेणी चढवायला मनाई कोण करणार?

एकाच आठवड्यात दोघं आली होती. पहिली तेवीस वर्षांची, लातूरकडची, वर्सोव्याला तिघींसोबत राहणारी, आरामनगरच्या ऑडिशनच्या रांगांत उभी राहणारी. वरचा पुढचा एक दात जरासा फिरलेला. श्रेणी 2. दुसरा जुहू कोळीवाड्यातला बारा वर्षांचा मुलगा. वरचे दात खालच्यांपेक्षा 10 मिलिमीटर पुढे, ओठ मिटत नव्हते, आणि क्रिकेट खेळताना पडून एका दाताचा टवका आधीच उडालेला. श्रेणी 5. अशा पुढे आलेल्या दातांना मार लागायचा धोका खूप असतो. त्याची आई मासळी विकते. तिनं विचारलं, “मॅडम, तार नाही लावली तर नाही चालणार?”

मी तिला मुंबई सेंट्रलच्या नायर दंत महाविद्यालयासाठी चिठ्ठी लिहून दिली. तिथे खर्च खूप कमी, काम चांगलं. चिठ्ठी तिच्या हातात देताना मी हिशेब केला: जुहूहून बस, मग लोकल, दर महिन्याला एकदा, दीड-दोन वर्षं, आणि प्रत्येक वेळी तिचा एक बाजार बुडणार. चिठ्ठी खरी होती, तरी सुटल्यासारखं वाटलं ते मला, तिला नाही. दोन दिवसांनी मी फोन करून मुलाला बोलावून घेतलं. सामानाचे पैसे घेते, माझ्या हाताचे घेत नाही.

इथे पाठ थोपटून घ्यायला हरकत नव्हती. पण कागद पुन्हा काढला तर दिसतं की ती एक जागा आता रिकामी आहे, आणि ती कुणाच्या तरी श्रेणी 2 नं भरायची आहे. कोळीवाड्यातल्या मुलाचे दात त्या लातूरच्या मुलीच्या दातांवर उभे आहेत, आणि तिला हे कुणी विचारलेलं नाही. श्रीमंताकडून घेऊन गरिबाला देणं छान. पण ती श्रीमंतही नाही. ती हप्त्यानं भरते आहे.

काही जण मला सांगतात, ‘अगं, नाही म्हणत जा, लोकांचा विश्वास बसतो, तेच चार पेशंट आणून देतात.’ खरं आहे, आणतातही. पण मग माझं ‘नाही’ ही एक स्वस्त जाहिरातच झाली की.

सध्या मी एवढंच करते: फीचा कागद काढण्याआधी श्रेणी लिहायची, पेननं, तारखेसकट. शंका असली की नाव झाकून फोटो एका मैत्रिणीला पाठवायचे. तिचं भाडं डोंबिवलीत आहे, तिची सत्तावीस तारीख माझ्याइतकी कडक नसते. दोनदा तिनं माझ्याहून खालची श्रेणी सांगितली. दोन्ही वेळा महिना संपत आला होता.

त्या मुलीनं मात्र मला सरळच विचारलं होतं, “डॉक्टर, खरंच गरज आहे का?”

“तुझ्या दातांना नाही,” मी म्हटलं. “चावायला, घासायला, म्हातारपणी टिकायला, कशालाच नाही.”

ती हसली. ओठ मिटून, तशी सवयच झाली होती तिला. “दातांना नसेल. मला आहे. परवा तिसऱ्यांदा कुणीतरी बोललं.”

तिला ‘तू अशीच छान आहेस’ म्हणून परत पाठवणं मला जमलं असतं. पण रांगेत मी उभी राहत नाही, ती राहते. तिची गरज खरी आणि तिच्या तोंडाबाहेर कुठेतरी तयार झालेली, हे दोन्ही एकदम खरं आहे, आणि त्या गरजेवर माझं भाडं निघतं, हे तिसरं. मी तिचे ब्रेसेस लावले. तिच्या केसपेपरवर फीच्या वर ‘श्रेणी 2’ असं लिहिलेलं आहे, आणि खाली तिनं वाचून सही केली आहे. तारीख 26 आहे.