पहिला तास कुणाचा?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या पीएच.डी. नियमावलीनुसार संशोधक विद्यार्थ्याला, विषय कोणताही असो, अध्यापनाचे प्रशिक्षण मिळायला हवे. आठवड्याला चार ते सहा तास ट्युटोरियल, प्रयोगशाळा किंवा मूल्यमापनाचे कामही त्याला देता येते. तरतूद चांगलीच आहे. शिकवल्याशिवाय शिकवता येत नाही, आणि विषय आपल्याला किती कळला आहे हे दुसऱ्याला सांगू लागल्यावरच कळते.

पण एक प्रश्न या तरतुदीत मावत नाही. नवशिक्याचा हात ज्यांच्यावर बसतो, त्यांचे काय?

रायपूरच्या पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठासारख्या, 1964 पासून छत्तीसगढच्या खेड्यापाड्यांतल्या मुलांना पदवीपर्यंत नेणाऱ्या विद्यापीठाच्या परिसरात हा प्रश्न जास्त बोचतो. इथल्या भाषेत ज्याला शोधार्थी म्हणतात, तो प्रबंध लिहिता लिहिता एखाद्या महाविद्यालयात अतिथी व्याख्याता म्हणून उभा राहतो. पुढे अर्जात ‘अध्यापनाचा अनुभव : दोन वर्षे’ अशी ओळ येते. ही दोन वर्षे त्याच्यासाठी सराव असतात. समोरच्या बाकावरच्या मुलीसाठी मात्र तेच बी.ए.चे पहिले वर्ष असते आणि ते पुन्हा येणार नसते. ती महासमुंद किंवा गरियाबंदकडून आलेली असेल, घरात छत्तीसगढी बोलत असेल, कॉलेजात पाऊल टाकणारी घरातली पहिलीच असेल.

यावर नेहमीचे उत्तर असे, की प्रत्येकाची सुरुवात कधीतरी होतेच. नवखा डॉक्टरही रुग्णांवरच शिकतो. हे खरे आहे. पण नवख्या सर्जनच्या शेजारी ज्येष्ठ सर्जन उभा असतो. वर्गाचे दार लागले की नवखा शिक्षक एकटाच असतो. दुसरा फरक याहून गंभीर आहे. शस्त्रक्रिया बिघडली तर ते दिसते. तास बिघडला तर कुणालाच दिसत नाही, कारण न समजलेला विद्यार्थी ‘सरांना शिकवता आले नाही’ असे म्हणत नाही. तो म्हणतो, ‘हा विषय माझ्या डोक्याबाहेरचा आहे.’ शिक्षकाचे अपयश तो स्वतःच्या खात्यावर मांडून मोकळा होतो. ज्याच्या घरात पुस्तके आहेत, शिकवणी लावायला पैसे आहेत, तो कसाही तास पचवून पुढे जातो. ज्याच्याजवळ फक्त तो तासच आहे, त्याचे नुकसान भरून निघत नाही.

आणि आपली व्यवस्था नेमकी उलटी आहे. सर्वांत अनुभवी प्राध्यापकाकडे एम.ए.चे मोजके विद्यार्थी, सर्वांत नवख्याकडे पहिल्या वर्षाचा भरगच्च वर्ग. वर चढत जाणे म्हणजे पहिल्या वर्षापासून दूर जाणे, असा या पेशातल्या प्रगतीचा अर्थ होऊन बसला आहे.

या भागातल्या मराठी वाचकाला इथे गजानन माधव मुक्तिबोध आठवावेत. घरची भाषा मराठी, लेखन हिंदीत. शाळांतून शिकवून, वृत्तपत्रांत राबून, पस्तिशीच्या आसपास नागपूर विद्यापीठाची एम.ए. पदवी घेऊन ते 1958 मध्ये राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात रुजू झाले. पैशांची चणचण कायमची होती. तरी भारताचा इतिहास आणि संस्कृती यांवर त्यांनी जे पाठ्यपुस्तक लिहिले, ते इतक्या गांभीर्याने, की 1962 मध्ये मध्य प्रदेश सरकारला त्यावर बंदी घालावीशी वाटली. नवख्या वाचकासाठी लिहिणे हे त्यांनी दुय्यम काम मानले नव्हते.

तेव्हा शोधार्थ्याने शिकवू नये, असे म्हणणे नाही. त्याला एकटे सोडू नये, एवढेच. मार्गदर्शकाने प्रबंधाच्या प्रकरणांइतकेच त्याचे तासही तपासावेत, अधूनमधून मागच्या बाकावर येऊन बसावे. शोधार्थ्यानेही तयारी करून जावे, ‘हे मला ठाऊक नाही, उद्या सांगतो’ असे म्हणावे आणि उद्या खरेच सांगावे.

एवढे करूनही काही ऋण उरतेच. ज्या मुलांवर आपण शिकलो, ती वर्ष संपले की पांगतात. त्यांची भरपाई करता येत नाही. ते ऋण फेडण्याची संधी पंधरा-वीस वर्षांनी येते, जेव्हा वेळापत्रक ठरवताना कोणता वर्ग घ्यायचा हे आपल्या हातात असते. तेव्हा पहिले वर्ष मागून घ्यावे.