मिंधे व्हायची तयारी

‘मी कधी कुणाचा मिंधा राहिलो नाही’ हे आपल्याकडे मान ताठ करून सांगितले जाते. शोकसभेत तर दिवंगताचा हा गुण हमखास निघतो. परदेशात एकट्याने बिऱ्हाड थाटलेल्या माणसाला मात्र हा बाणा फार महागात पडतो, असे माझे मत होत चालले आहे. निमित्त माझ्या भाचीचे.

ती मेक्सिकोत केरेतारोला सॉफ्टवेअरच्या नोकरीत आहे. केरेतारो, ग्वादालाहारा, मॉन्तेरेय या शहरांत भारतीय कंपन्यांची कार्यालये आता रुळली आहेत, त्यामुळे आपली पोरे तिथे भेटतात. कुकर आहे, गोडा मसाला आहे, व्हॉट्सॲपवर आपल्या माणसांचा गट आहे. अडते ते तिथल्या माणसांशी मैत्री होण्यापाशी. माणसे तुसडी आहेत म्हणून नव्हे. खानावळीतून उठून जाणारा अनोळखी माणूससुद्धा जेवणाऱ्यांना ‘प्रोवेचो’ म्हणून जातो, म्हणजे आपले ‘सावकाश होऊ द्या’. घरच्या समारंभात उशिरा आलेला पाहुणा एकेकापाशी जाऊन भेटतो आणि निघताना पुन्हा तीच फेरी घालतो. पण ही ऊब येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांसाठी असते. आपल्या वाट्याला वेगळे काही आलेले नाही, हे नव्या माणसाला दोन-तीन महिन्यांनी कळते आणि मग तो उगाच दुखावतो.

भाचीने आधी बाहेरगावची बहुतेक मंडळी धरतात तो रस्ता धरला. भाषेची अदलाबदल. कॅफेत बसायचे, अर्धा तास तिने स्पॅनिश बोलायचे, अर्धा तास समोरच्याने इंग्रजी. तिचे उच्चार सुधारले. बाकी काही झाले नाही. होणारही नव्हते, कारण तिथे हिशोब जागच्या जागी मिटत होता. तू मला अर्धा तास दिलास, मी तुला दिला, कॉफीचे पैसे ज्याने त्याने भरले. यात गैर काहीच नाही. फक्त पुन्हा भेटायला कारण उरत नाही. शिवाय समोरच्या माणसाकडे सरावाचे साधन म्हणून पाहायची सवय लागते. ती मला कॅफेच्या बिलापेक्षा महाग वाटते.

मेक्सिकन माणसांची रीत नेमकी उलटी दिसते. ६ जानेवारीला, तीन राजांच्या सणाला, तिथे सुकवलेली फळे लावलेला कड्यासारखा गोड पाव कापतात. त्याला रोस्का म्हणतात. पावात बाळाची इवलीशी बाहुली दडवलेली असते. ज्याच्या तुकड्यात ती निघेल त्याने २ फेब्रुवारीला सगळ्यांना तामालेस खाऊ घालायचे. मक्याच्या पिठाचे सारण भरून, कणसाच्या पानात गुंडाळून, आपल्या पानग्यांसारखे वाफवलेले हे उंडे करणे म्हणजे अख्ख्या दिवसाचे काम. म्हणून काही चलाख मंडळी बाहुली गुपचूप गालात दाबून बसतात आणि त्यांच्यावर वर्षभर विनोद होतात. पण त्या कड्याने साधलेले असते ते हेच: सहा तारखेला जमलेल्यांना फेब्रुवारीत पुन्हा जमावेच लागते. भाचीच्या तुकड्यात बाहुली निघाली तेव्हा ती हादरली. ती शाकाहारी, आणि तामालेसच्या पिठात बहुधा डुकराची चरबी फेसून घालतात. शेवटी शेजारणीच्या स्वयंपाकघरात, तिच्याच मोदकपात्रासारख्या उंच भांड्यात, तेल घालून एक घाणा आणि चरबी घालून बाकीचे, असे सगळे झाले. शेजारणीचा दिवस मोडला. भाची मला फोनवर म्हणाली, “मामा, ‘किती उपकार झाले गं बाई’ असं झालं मला.” मी म्हटले, छान झाले.

तिचा खरा पेच पुढे आला, तांदाच्या वेळी. तांदा म्हणजे भिशी, शब्दशः तीच. मेक्सिकोत पगार बहुधा पंधरवड्याने होतो, म्हणून हप्ताही पंधरा दिवसांनी. कागद नाही, तारण नाही. चालवणाऱ्या बाईंची एक वही. ज्यांच्या घरी भिशी चालते त्यांना यातली मेख सांगायला नको. पहिला नंबर घेणारा शेवटपर्यंत सगळ्यांचा देणेकरी असतो आणि शेवटचा नंबर घेणारा सगळ्यांचा सावकार. नवख्याला कुणी वरचा नंबर देत नाही, पैसे उचलून पसार झाला तर? भाचीने आपण होऊन शेवटचा मागितला. तिला वाटले, हाच सभ्यपणा. बाईंनी तिला दुसरा दिला. ती कितीतरी वेळ नको-नको करत होती, तेव्हा बाई जरा रागावल्याच. त्यांचा राग मला पटतो. शेवटचाच नंबर मागणारा माणूस खरे तर सांगत असतो की मी तुमच्यावर विश्वास टाकीन, पण तुमचा विश्वास अंगावर घेणार नाही. वरून हे सौजन्य दिसते. आत अहंकार असतो.

घेता येणे हाही गुण आहे, हे मेक्सिकोतच एका मराठी माणसाच्या चरित्रात ठळक दिसते. वर्ध्याचे डॉ. पांडुरंग खानखोजे १९२४ साली तिथे पोहोचले ते ब्रिटिश सरकारच्या नजरेतले गदर चळवळीचे क्रांतिकारक म्हणून. जवळ अमेरिकेत शिकलेले शेतीशास्त्र होते. पण ते द्यायच्या आधी आसरा, ओळखी आणि भाषा हे सगळे त्यांना घ्यावे लागले. पुढे ते चापिंगोच्या कृषिविद्यालयात प्राध्यापक झाले, मक्यावर आणि गव्हावर संशोधन केले, शेतकऱ्यांसाठी मोफत कृषिशाळा काढल्या. तीना मोदोत्तीने त्यांच्या कामाची छायाचित्रे काढली, दिएगो रिव्हेराने त्यांना भित्तिचित्रात आणले. आपल्याकडे त्यांचे देणे तेवढे सांगतात. रित्या हाताने दाराशी उभे राहिल्याचे दिवस कुणी सांगत नाही. आपल्याला ते कमीपणाचे वाटतात.

भाचीचा एक प्रश्न मात्र मला सोपा वाटत नाही. तिचा करार ठरावीक मुदतीचा आहे. आपण जाणार हे ठाऊक असताना माणसांना लळा लावणे प्रामाणिकपणाचे आहे का? खानखोजे तीन दशके राहिले, ही राहणार नाही. मी बराच विचार केला. जायची वेळ लपवणे वाईट, यात शंका नाही. पण त्यांना पुढे वाईट वाटेल म्हणून आत्ताच लांब राहणे, हा त्यांच्या वतीने घेतलेला निर्णय झाला, आणि तो अधिकार तिला कुणी दिला? म्हणून मी तिला एवढेच सुचवले की तारीख सांगून टाक.

तिने बाईंना सांगितले. बाईंनी वही काढली, पुढच्या फेरीतही तिचे नाव घातले आणि फेरीचा शेवटचा हप्ता तिच्या विमानाच्या आधी येतो ना, ते बोटावर मोजून बघितले.