भागोजी नाईकांचा कागद

अमेरिकेतल्या क्रीक जमातीचा पुढारी ओपोथलेयाहोला १८२५-२६ च्या हिवाळ्यात आपल्या लोकांच्या जमिनीसाठी वॉशिंग्टनला गेला. चार्ल्स बर्ड किंग या चित्रकाराने त्याचे व्यक्तिचित्र काढले. किंगची बरीच मूळ चित्रे १८६५ च्या आगीत गेली, पण त्यांवरून केलेले शिळाछाप वाचले. १८६१ मध्ये तिकडे यादवी पेटली, तेव्हा याच पुढाऱ्याने राष्ट्राध्यक्ष लिंकनना पत्र पाठवले. क्रीकांना जुन्या जमिनीवरून हलवताना, नव्या मुलखात तुमचे रक्षण करू, असा शब्द सरकारने दिला होता, तो आता पाळा, असे त्याचे मागणे. तेही पत्र दप्तरात आहे. जमीन गेली, पण तोंडवळा आणि म्हणणे राहिले.

त्या यादवीच्या थोडे आधी, १८५७ ते १८५९ मध्ये, आपल्या सिन्नर तालुक्यात भागोजी नाईक इंग्रजांशी लढत होते. त्यांच्या हयातीतले एकही चित्र माझ्या पाहण्यात नाही. त्यांच्या नावचे पत्रही नाही. फलकांवर दिसतो तो चेहरा चित्रकाराच्या कल्पनेतला. त्यांची हकिगत आपल्याला मिळते ती इंग्रजी गॅझेटियरमधून, म्हणजे त्यांचा पाठलाग करणाऱ्यांच्या दप्तरातून.

तरी तो कागद सावकाश वाचावा. नगरच्या पोलिसांत नोकरी केलेला हा भिल्ल. १८५५ मध्ये दंगा आणि पोलिसांना अडथळा केल्याबद्दल शिक्षा. सुटल्यावर वर्षभराच्या चांगल्या वागणुकीचा जामीन. वर्ष सरले आणि सरसकट हत्यारे जमा करण्याचा हुकूम आला. तेव्हा भागोजींनी गाव सोडले. पन्नासेक माणसे घेऊन ते पुणे-नाशिक रस्त्यावर नजर राहील अशा जागी जाऊन बसले. जामिनाचे वर्ष त्यांनी पुरे केले होते, हे लिहून ठेवले आहे ते त्यांना गुन्हेगार ठरवणाऱ्यांनीच. मला ही नोंद फार मोलाची वाटते. हा माणूस शब्दाला जागला होता.

४ ऑक्टोबर १८५७ रोजी नांदूर शिंगोट्याजवळ पोलीस अधिकारी लेफ्टनंट हेन्री त्यांच्यावर चालून गेला आणि मारला गेला. मग कॅप्टन नटॉलने महादेव कोळ्यांची पलटण उभी केली. ज्यांचे बंडखोर पुढारी राघोजी भांगरे १८४८ मध्ये ठाण्याला फासावर गेले, त्यांनाच भिल्लांच्या मागावर धाडले! डोंगर एक, भूक एक, आणि बंदुका एकमेकांवर. याची सल अजून जायला हवी तशी गेलेली नाही. ११ नोव्हेंबर १८५९ रोजी फ्रँक सौटरच्या तुकडीशी लढताना सिन्नर तालुक्यातच भागोजी पडले.

सरकारची बाजू छापून झाली आहे. वस्तीवरची बाजू अजून म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या तोंडी आहे, आणि ती माणसे दरवर्षी कमी होताहेत. सिन्नर, अकोले, संगमनेरकडे तुमचे कोणी असेल, तर त्यांच्या आजी-आजोबांपाशी बसा. भागोजींबद्दल, त्यांच्या माणसांबद्दल, लपायच्या जागांबद्दल जे आठवते ते मोबाइलवर त्यांच्याच बोलीत उतरवून घ्या. सांगणाऱ्याचे नाव, गाव, तारीख सोबत लिहा. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचे, म्हणजे भागोजींच्या हयातीतले आहे. एक प्रत तिथे नेऊन द्या.