बी आणि जमीन

जीव ओतून शिकवणाऱ्याला आपण ‘हाडाचा शिक्षक’ म्हणतो. हाड म्हणजे न बदलणारे, पक्के, अशी आपली समजूत. प्रत्यक्षात हाड सतत उकरले जाते आणि पुन्हा भरले जाते. काही पेशी जुने हाड विरघळवतात, काही नवे रचतात. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा सुमारे दहावा हिस्सा दरवर्षी नवा होतो. हाड ही कसलेली जमीन आहे.

1889 साली स्टीफन पॅजेट या इंग्रज सर्जनने स्तनाच्या कॅन्सरने दगावलेल्या 735 रुग्णांच्या नोंदी तपासल्या. रक्त तर सगळीकडे फिरते, मग गाठी ठरावीक अवयवांतच का? त्याचे उत्तर शेतकऱ्याला सहज पटेल: बी चहूकडे उडते, रुजते ते मानवेल त्याच जमिनीत. हाड का मानवते, हे पुढे कळले. कॅन्सरच्या पेशी हाड विरघळवणाऱ्या पेशींना चिथावतात. विरघळत्या हाडातून वाढीची द्रव्ये सुटतात आणि त्यांवर कॅन्सर पोसतो. हाडाची सुपीकताच हाडावर उलटते.

माझ्या मावशीच्या कॅन्सरच्या ऑपरेशनला सहा वर्षे झाली होती. कंबर दुखू लागली तेव्हा आम्ही वयावर ढकलले. तेल झाले, शेक झाला. रात्री कूस बदलताना ती विव्हळायची. शेवटी बोन स्कॅन केला. कण्यावर तीन काळे डाग. ‘पसरलाय’ हा शब्द घरात आला आणि कुणीतरी म्हणाले, “आता कशाला तिला त्रास द्यायचा?”

या बोलण्यात फक्त बियाचा विचार होता. हाडात गेलेला कॅन्सर सहसा मुळासकट निघत नाही, हे खरे. पण जमीन राखता येते. झोलेड्रॉनिक ॲसिड, डेनोसुमॅब यांसारखी औषधे हाडाची झीज रोखतात. दुखऱ्या जागी 8 ग्रे रेडिएशनचा एकच डोसही निम्म्याहून अधिक जणांचे दुखणे कमी करतो. मॉर्फिन आहेच. पायांतले बळ अचानक गेले, तर मात्र मज्जारज्जू दबल्याची शक्यता असते. तिथे एक रात्रही थांबायचे नसते.

रेडिएशननंतर पंधरा-वीस दिवसांनी मावशी सलग झोपली. बी तिथेच होते. कूस मात्र आता तिची तिला बदलता येत होती.