मुक्याचा गुन्हा

आमच्या पडवीत एक गावठी पिल्लू आले ते हौसेने नव्हे. माकडांनी आणि वानरांनी बागेत उच्छाद मांडला होता. शहाळी पाडायची, केळीचा लोंगर अर्धा खाऊन अर्धा चिखलात टाकायचा, परसातली भाजी मुळासकट उपटायची. फटाके, गोफण, बुजगावणी, सगळे करून झाले. शेवटी कुणीतरी म्हणाले, कुत्रा ठेवा. ऑक्टोबरात दोन महिन्यांचे एक तांबूस पिल्लू आम्ही उचलून आणले आणि त्याला मोती म्हणू लागलो.

मोहल्ल्यात लगेच बोलणे झाले. 'तुमच्या घरात आता फरिश्ते यायचे नाहीत.' हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत आणि ते हदीसमध्ये आहे, हेही आम्हाला ठाऊक आहे. पण शिकार, गुरे आणि शेती यांच्यासाठी कुत्रा ठेवण्याची मुभाही हदीसमध्येच आहे, हे सांगायला मात्र कुणाला वेळ नसतो. कोकणातले आम्ही मुसलमान बहुतेक शाफई. आमच्या मसलकात कुत्र्याचे ओले अंगही नापाक मानतात. त्याच्या लाळेने ओले झालेले भांडे सात वेळा, त्यातले एकदा मातीने धुवायचे. हनफींत लाळ नापाक, अंग नाही. इमाम मालिक यांच्या मसलकात तर कुत्रा पाकच. एकाच दीनात तीन थोर परंपरा या मुक्या जनावराकडे तीन नजरांनी पाहतात. आम्ही आमच्या मसलकाप्रमाणे हद्द आखली: पडवीपर्यंत मोती, ओटीवर नाही. सूरह कहफमधल्या त्या झोपलेल्या तरुणांचा कुत्राही गुहेच्या उंबऱ्यावरच पुढचे पाय पसरून बसला होता. मात्र ते किती जण होते, याबद्दल लोकांनी केलेल्या तर्कांचा उल्लेख त्याच सूरहमध्ये येतो, तेव्हा दरवेळी शेवटी कुत्र्यालाही मोजलेले आहे. जागा उंबऱ्यावर, पण मोजणीत धरलेला. आम्हाला हे पुरेसे वाटले.

खरी पंचाईत अंथरुणाची झाली. पहिल्या रात्री गोणपाट दिले. सकाळी त्याच्या सुतळ्या अंगणभर. मग जुनी लुंगी दिली. ती दोन दिवस टिकली. मग फाटका स्वेटर, मग पायपुसणे. मुंबईहून आलेल्या भाच्याने कुत्र्यांसाठी मिळते ती गादी आणली. किंमत ऐकून आम्ही गप्प झालो. तिसऱ्या दिवशी पडवीत पांढऱ्या कापसाचा ढीग आणि मधोमध मोती, शेपूट हलवत. सुरुवातीला हसू यायचे. हळूहळू हसू ओसरले आणि त्या जागी एक वाक्य आले, जे आम्ही दोघेही रोज बोलू लागलो: 'याला काही द्यायचीच लायकी नाही.'

आणि मग जानेवारीत गोधडी फाटली.

ती अम्मांनी शिवलेली होती. आत त्यांच्या जुन्या साड्या, वर वडिलांच्या चौकड्यांच्या लुंग्या. वडील कुवेतला होते त्या वर्षांत, रात्री कंदिलाच्या उजेडात एकेक टाका घालून. अम्मांना जाऊन आता बरीच वर्षे झाली. वर्षातून एकदा आम्ही ती उन्हाला टाकतो. त्या दिवशी पडवीतल्या दोरीवर टाकली आणि मगरिबनंतर आत घ्यायची विसरलो. सकाळी पाहिले तर एक कोपरा पार गेलेला. आतल्या साडीचा हिरवा काठ मोतीच्या पायाशी.

आम्ही त्याला मारले. चपलेने मारले. तो कोपऱ्यात अंग चोरून, कान पाडून, नजर चुकवत बसला तेव्हा आम्हाला बरेही वाटले: पाहा, त्याला कळले आहे. आणि त्या रात्री त्याला काहीच अंथरले नाही. दापोलीकडची जानेवारीतली थंडी ज्यांना माहीत आहे त्यांना पडवीची फरशी म्हणजे काय ते सांगायला नको. 'झोप आता तसाच, म्हणजे किंमत कळेल.' तीन रात्री असे चालले. रात्री त्याचे कण्हणे आत ऐकू येत होते. आम्ही जागे होतो, हे दोघांनाही माहीत होते. कुणी बोलले नाही.

चौथ्या दिवशी त्याने खाणे टाकले, म्हणून जनावरांच्या डॉक्टरांकडे नेले. आम्ही आमची कैफियत मांडली: हे फाडले, ते फाडले, अम्मांची गोधडीसुद्धा सोडली नाही. डॉक्टरांनी ते ऐकले की नाही कोण जाणे. त्यांनी विचारले, 'कापड गिळलं आहे का? उलट्या होतात? शी करताना दोरे दिसतात?' दोरा किंवा चिंधी आतड्यात अडकली तर जीव जातो, म्हणाले. पोट चाचपून पाहिले, तोंड उघडले. हिरड्या लाल होत्या. पिल्लाचे दुधाचे दात अठ्ठावीस असतात. तिसऱ्या-चौथ्या महिन्यानंतर ते पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत पुरे बेचाळीस येतात. या काळात हिरड्या ठणकतात आणि चावल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. त्यातून भावंडांपासून तोडून आणलेले, रात्रभर एकटे. निजण्याआधी जागा पायाने उकरणे ही तर त्याची जातीचीच खोड. अंथरूण समोर असते म्हणून ते फाटते, एवढेच.

परतताना रिक्षात आम्ही गप्प होतो. तीन महिने आम्ही कापड मोजत होतो. त्या माणसाने पहिल्याच प्रश्नात कापडापलीकडे जाऊन जीव पाहिला.

गुन्हा कुणाचा, हा प्रश्न मग आम्हाला सोडेना. शोधायला लांब जावे लागले नाही. मुक्या जनावराने केलेल्या नुकसानीची भरपाई नाही, अशा अर्थाची हदीस बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. तिथे जनावरासाठी जो शब्द आहे, 'अजमा', त्याचा अर्थच मुके, ज्याला बोलून आपली बाजू मांडता येत नाही असे. पण मग ज्याचे नुकसान झाले त्याने काय करायचे? कुरआनात सूरह अंबियामध्ये हजरत दाऊद (अ.) आणि हजरत सुलेमान (अ.) यांच्यासमोर आलेला एक खटला आहे. कुणाच्या तरी शेळ्यामेंढ्या रात्री दुसऱ्याच्या शेतात शिरल्या. तिथे चरण्यासाठी वापरलेला शब्द रात्री, राखणदाराविना चरण्याचा आहे. मुफस्सिर सांगतात, दाऊद (अ.) यांनी कळप शेतकऱ्याला देऊन टाकायचा निकाल दिला, सुलेमान (अ.) यांनी सुचवले की कळपवाल्याने शेत पूर्ववत करून द्यावे आणि तोवर दूध-लोकर शेतकऱ्याने घ्यावी. इमाम मालिक यांच्या 'मुवत्ता'मध्ये एका उंटिणीची हकिकत आहे. ती एका बागेत शिरली आणि तिने नासधूस केली. हजरत पैगंबर मुहम्मद (स.) यांनी निवाडा दिला: दिवसा बागेची राखण बागवाल्याने करायची, रात्री जनावराने केलेल्या नुकसानीला जनावराचा मालक जबाबदार.

या सगळ्या खटल्यांत मेंढीला कुणी उभे केलेले नाही. उंटिणीला कुणी विचारलेले नाही. उभी आहेत ती माणसे. गोधडी रात्रभर दोरीवर राहिली होती. मोती आमचा आणि दोरीही आमचीच. शिक्षा कुणाला व्हायला हवी होती, हे 'मुवत्ता' उघडण्याआधीही आम्हाला ठाऊक असायला हवे होते.

मग त्याचे ते अंग चोरणे, नजर चुकवणे? तो कबुलीजबाबच नव्हता का? कुत्र्यांच्या मनाचा अभ्यास करणाऱ्या अलेक्झांड्रा होरोविट्झ या अमेरिकन संशोधक बाईंनी २००९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. मालक खोलीबाहेर गेल्यावर कुत्र्याने मना केलेला खाऊ खाल्ला की नाही, हे मालकाला कधी खरे तर कधी खोटे सांगितले जाई. दिसले असे की कुत्र्याचा तो 'अपराधी' चेहरा त्याने खाऊ खाल्ला की नाही यावर अवलंबून नसतो; मालक रागावला की नाही यावर असतो. म्हणजे जो चेहरा पाहून आम्हाला न्याय झाल्यासारखे वाटले, तो आमच्याच हातातल्या चपलेने तयार केलेला होता. मार देऊन कबुली घ्यायची आणि मग कबुली आहे म्हणून मार योग्य ठरवायचा. माणसांच्या बाबतीत आपण याला काय म्हणतो, ते सर्वांना माहीत आहे.

शिस्त लावूच नये, असे आम्ही म्हणत नाही. सूरह माइदामध्ये शिकारी जनावरांना शिकवण्याचा उल्लेख आहे आणि ते शिक्षण अल्लाहने तुम्हाला जे शिकवले त्यातलेच, असा त्याचा आशय आहे. जनावराला शिकवणे म्हणजे आपल्याला मिळालेल्या इल्मातला वाटा त्याला देणे! पण रात्रीच्या गोष्टीसाठी सकाळी मारलेली चपल काही शिकवत नाही. तिने फक्त आमचा राग निघाला.

ही हकिकत आम्ही शेजारच्या एका खालांना सांगितली. त्या भडकल्या. 'माणसाच्या पोरांना अंथरूण नाही आणि तुम्ही कुत्र्याचं काय घेऊन बसलात? चिपळूणला लोक ओल्या जमिनीवर झोपले, ते आठवतं ना?'

आठवते. खालांनी बोलून दाखवले ते बरे झाले, कारण जे टाळत होतो ते त्यामुळे समोर आले. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचे पाणी चिपळूण शहरात शिरले. पाणी ओसरल्यावर आम्ही काही मंडळी चटया, ब्लँकेटे, भांडी घेऊन गेलो होतो. नावांची यादी होती, वाटप नीट झाले. महिनाभराने कानावर आले की यादीतल्या एकाने ब्लँकेट विकले. बैठक बसली. 'अशांना द्यायचंच कशाला?' असे कुणी म्हणाले, आणि रेशनच्या पुढच्या यादीतून त्याचे नाव कमी झाले. आम्ही त्या बैठकीत होतो. मान आम्हीही डोलावली होती. त्याने ते का विकले, हे त्याला विचारायला कुणीही गेले नाही. मोती तरी मुका होता. त्या माणसाला तोंड होते.

खालांचे म्हणणे असे की कुत्रा आणि माणूस यांची तुलना करू नये. आम्हीही करत नाही. पण दोन्ही वेळी तोंडातून वाक्य तेच निघाले: द्यायची लायकी नाही. देणाऱ्याच्या मनात एक वही असते. दिलेली वस्तू आपल्या मर्जीप्रमाणे वापरली, जपली, तिची कदर केली, तर जमेच्या बाजूला; नाही तर पुढचे बंद. उपकार बोलून दाखवून आणि मन दुखवून आपला सदका वाया घालवू नका, अशी ताकीद सूरह बकरामध्ये आहे. ती आपण ऐकतो आणि समजतो की उपकार तोंडाने बोलून दाखवणे तेवढे वाईट. यादीतून नाव कमी करणे हेही बोलून दाखवणेच आहे, फक्त आवाज न करता. थंडी वाजते म्हणून पांघरूण द्यायचे असते. ते फाडले किंवा विकले म्हणून थंडी वाजायची थांबत नाही. विहिरीत उतरून आपल्या मोज्यात पाणी भरून तहानलेल्या कुत्र्याला पाजणाऱ्या माणसाची हदीस आपल्यातल्या प्रत्येकाला पाठ आहे. तो कुत्रा चांगला होता की खोडकर, हे तिथे कुणी विचारलेले नाही. आणि मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईच्या हदीसमध्ये मांजरीने आधी काय सांडले होते, तेही नाही.

सातशेहून अधिक वर्षांपूर्वी होऊन गेलेले आमच्याच शाफई मसलकाचे थोर आलिम इज्जुद्दीन इब्न अब्दुस्सलाम यांनी जनावरांचे माणसावरील हक्क लिहून ठेवले आहेत. जनावर म्हातारे झाले, आजारी पडले, त्याचा काही उपयोग उरला नाही, तरी त्याचा खर्च मालकाने करायचा, असे त्यांनी म्हटले आहे. कोकणातल्या किती मदरशांतून हे सांगितले जाते? सात वेळा धुण्याचा मसला मात्र शेंबड्या पोरालाही येतो.

त्या संध्याकाळी घरामागच्या उडवीतला भाताचा पेंढा काढून पडवीच्या कोपऱ्यात जाडसर पसरला. डॉक्टरांनीच सुचवले होते: कापड बंद, पेंढा घाला, जे आधीच सुटे आहे ते तो काय फाडणार? पेंढा उबदार असतो आणि फुकटही. चघळायला न तुटणारे रबरी खेळणे आणले. निजायच्या आधी बागेतून त्याला दोन फेऱ्या मारून आणू लागलो, म्हणजे दमून झोपतो. दुसऱ्या दिवशी तो खाऊ लागला. चपलेचा आवाज झाला की अजून दचकतो. ते जायला किती दिवस लागतील, ते त्याच्यावर आहे.

ब्लँकेट विकणाऱ्या त्या माणसाचा पत्ता जुन्या यादीत सापडला. पुढच्या आठवड्यात चिपळूणला जायचे ठरवले आहे. काय बोलायचे ते अजून सुचलेले नाही.

गोधडीला मोतीची लाळ लागली होती, तेव्हा तिला सात पाणी देणे आलेच. विहिरीवर बसून आम्ही दोघांनी आळीपाळीने धुतली. पहिले पाणी मातीचे. ओली गोधडी किती जड असते, ते हाताला कळले. चौथ्या पाण्याला मोजणी चुकली की काय असा वाद झाला, म्हणून एक जास्तीचे दिले. फाटक्या कोपऱ्याला ठिगळ लावायला घरात लुंगी शोधली. एकही धड सापडली नाही, सगळ्या मोतीने आधीच संपवल्या होत्या. आता ती माडीवरच्या दोरीवर वाळते आहे. खाली मोतीने आजही सगळा पेंढा अंगणभर केला आहे आणि झाडू आणायला हवा.