एकट्याचा डाव

एका खेड्यातील सुवार्तिक बंधूंनी आम्हांस पुसले आहे की, “गावोगाव फिरताना फाट्यावर एस. टी.ची वाट पाहत बसावे लागते. तेव्हा मी मोबाईलवर पत्त्यांचा एकट्याचा डाव मांडतो. त्यात पैसा नाही, पैज नाही, जोडीदारही नाही. यात पाप आहे काय?” प्रश्न लहान दिसतो, परंतु विचारणाऱ्याचा विवेक जागा आहे, म्हणून त्यास विचारपूर्वक उत्तर देणे आम्हांस अगत्याचे वाटते.

ज्या वाचकांस हा खेळ ठाऊक नाही त्यांच्याकरिता थोडे सांगतो. इंग्रज लोक यास ‘पेशन्स’, म्हणजे धीर, असे म्हणतात. अठराव्या शतकाच्या अखेरीस तो उत्तर युरोपात प्रचारात होता. १९९० साली विंडोज ३.० बरोबर तो संगणकात आला व पुढे मोबाईलवर पोहोचला. त्याच्या सर्वांत परिचित प्रकारात ५२ पैकी २८ पत्ते सात रांगांत मांडतात. पहिलीत एक, दुसरीत दोन, याप्रमाणे सातवीत सात. प्रत्येक रांगेतील शेवटचा पत्ता उताणा, बाकीचे २१ पालथे. तांबड्यावर काळा व काळ्यावर तांबडा असे उतरत्या क्रमाने लावीत पालथे पत्ते उघडावयाचे, आणि इस्पिक, बदाम, चौकट व किलवर हे चारही एक्क्यापासून राजापर्यंत रचावयाचे. रचले म्हणजे डाव सुटला.

थकलेल्या मनास घटकाभर विसावा मिळाला तर त्यात आम्हांस पाप दिसत नाही. डावाच्या नादात प्रार्थना राहिली, किंवा शेजारी बसलेल्या दुःखिताकडे पाहावयाचे राहिले, तर मात्र विसाव्याचा धनी झाला असे समजावे. परंतु आम्हांस वाटते की या खेळाची खरी कसोटी निराळीच आहे.

तरुणपणी आम्ही हा डाव चटईवर खऱ्या पत्त्यांनी मांडीत असू. तो अडला म्हणजे हळूच एखादा पालथा पत्ता उचलून पाहत असू, आणि हवा तो पत्ता वर घेऊन “सुटला!” म्हणत असू. यात कोणाचे काय गेले? कोणाचेच नाही. नियमही माणसांनीच केलेले. ते कोणी उघडपणे बदलले तर आम्ही त्यास दोष देणार नाही. आमचा दोष पत्ता उचलण्यात नव्हता; न सुटलेला डाव सुटला असे आपणच आपणांस सांगण्यात होता. येथे फसविणारा व फसणारा एकाच अंतःकरणात राहतात. फसविणारा प्रत्येक वेळी अधिक धीट होतो, आणि फसणारा अधिक आंधळा होतो.

विद्वानांनी संगणकाच्या साहाय्याने हिशेब केला आहे की, सर्व पत्ते कोठे आहेत हे आधी ठाऊक असले, तरीही या खेळाचे शंभरांतले सुमारे ८२ डावच सुटू शकतात. बाकीचे कोणत्याही चातुर्याने सुटत नाहीत. तेव्हा जो प्रामाणिकपणे खेळतो त्यास “हा डाव सुटला नाही” असे म्हणून पत्ते गोळा करता आले पाहिजेत. खेळाचे ‘धीर’ हे नाव तेथेच खरे होते.

बंधूंनो, आपल्या कामातही असे डाव येतात. वर्षभर एका वस्तीत फेऱ्या घातल्या, आजाऱ्यांपाशी बसलो, मुलांस शिकविले. आणि वर्षाअखेर अहवाल लिहावयास बसलो तो बाप्तिस्म्याच्या रकान्यात शून्य. तेव्हा ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण फार गोड वाटते. दोन भेटींच्या चार कराव्या, एका जिज्ञासूचे कुटुंब करावे, असा मोह होतो. वस्तीत येऊन कोण मोजणार? पालथा पत्ता उचलणारा हात तोच आहे. फक्त पत्त्यांच्या ठिकाणी आता जिवंत माणसांची नावे आहेत.

गनेसरेत सरोवराच्या काठी पेत्राने काय केले ते आठवा. रात्रभर कष्ट करून काहीच हाती लागले नव्हते, आणि तो प्रभूस तसेच म्हणाला. त्याने मासे उसने आणून तारू भरून दाखविले नाही. त्या रिकाम्या तारवातच प्रभूने आपले काम केले. भरल्याचे सोंग केलेल्या तारवात त्यास जागा कोठून मिळाली असती?

आमच्या बंधूंचा मोबाईल पालथा पत्ता पाहू देत नाही. ते बरेच आहे. पण कुलपामुळे न झालेल्या चोरीस प्रामाणिकपणा म्हणत नाहीत. म्हणून त्यांस आमचे उत्तर असे : फाट्यावर एखादा डाव खुशाल मांडा, आणि गाडी आली की तो अर्धा टाकून उठा. न सुटलेला डाव न सुटलेला म्हणून सोडण्याची सवय तेथे जडली, तर वर्षाअखेर शून्य लिहिताना तुमचा हात कापणार नाही. ते शून्य मंडळीपुढे व देवबापापुढे सरळ ठेवा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच वस्तीची वाट धरा.